७१ पटाचं हायस्कूल: लेकीला घालू का?

सडामाळ | १८ मे २०२५

नमस्कार मंडळी. जरा घाईत विचारतेय, कारण दाखला काढायचा तर शाळा सुरू व्हायच्या आत हालचाल करायला हवी.

आम्ही पुणं सोडून राजापूर तालुक्यात सासरच्या गावी राहायला जातोय. नवऱ्याला आंबा-काजूचं काहीतरी करायचंय (ते 'काहीतरी' म्हणजे काय, हा वेगळ्या धाग्याचा विषय). मुलगी आठवीत जाईल. तिची आत्ताची शाळा म्हणजे आठवीच्याच सहा तुकड्या, पोहण्याचा तलाव, रोबोटिक्सचा क्लास, सगळा थाट. गावातलं हायस्कूल घरापासून चालत वीस मिनिटांवर. पाचवी ते दहावी मिळून पट ७१. आठवीत आमची धरून बारा पोरं. हेडसर धरून शिक्षक पाच. संस्था मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाची, शाळा अनुदानित.

दुसरा पर्याय तालुक्याच्या गावची मोठी शाळा. एसटीने जाऊन-येऊन सव्वादोन तास, तेही एसटी आली तर.

अभ्यासाचं मी घरी बघू शकते. प्रश्न आहे तो बाकीच्याचा. खेळ, नाटक, चित्रकला, सहल, स्पर्धा यातलं एवढ्याशा शाळेत काय होतं? होतं का? लेक विचारते, "आई, तिथे गॅदरिंगला समोर बसायला तरी कोणी असेल का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्यांनी अशा शाळा आतून पाहिल्यात त्यांनी सांगा.

चाकरमानी_८४ | १८ मे

लेकीला सांगा, समोर बसायला जागा मिळत नाही!

आमचं हायस्कूल असंच, संगमेश्वर तालुक्यातलं. मुंबईच्या मंडळाने वर्गणी काढून बांधलेलं. परळ-लालबागच्या खोल्यांत राहणाऱ्या गिरणी कामगारांनी दर महिन्याला पावती फाडून एकेक खोली उभी केली. कोकणातली बरीच हायस्कुलं अशीच झालीत. त्यामुळे गॅदरिंग शाळेचं नसतं, गावाचं असतं. संध्याकाळी सातपासून बायका चटया टाकून जागा धरतात. पोराच्या नाचाला खुश होऊन म्हातारे स्टेजवर दहा-वीस रुपये बक्षीस देतात आणि ते माईकवरून नावानिशी पुकारावं लागतं. पुकारलं नाही तर पुढचं वर्षभर ऐकून घ्यावं लागतं.

आमच्या वेळी दहावीत अकरा जण होतो. नाटकात पात्रं नऊ. उरलेल्या दोघांतला एक पडदा ओढायला आणि एक जनरेटरपाशी. मी जनरेटरपाशी होतो, पण हे उगाच सांगतोय.

निकालाचं म्हणाल तर कोकण बोर्ड वेगळं झाल्यापासून, म्हणजे २०१२ पासून, दहावीत राज्यात पहिलं आहे. परवाच लागलेला निकाल ९८.८२ टक्के.

वांगीभात | १८ मे

निकाल आणि गॅदरिंगची गर्दी, दोन्ही ताईंनी विचारलेलं नाही. :)

मी अशाच लहान शाळेत शिकलेय. जिल्हा सांगत नाही, कारण त्या शाळेत माझी मावशी अजून नोकरीला आहे. वाचनालय होतं, म्हणजे एक लोखंडी कपाट होतं. त्याची चावी ज्या क्लार्ककडे, तो दुसऱ्या शाळेतही काम बघायचा आणि आमच्याकडे मंगळवारी यायचा. सहा वर्षांत मी त्या कपाटातलं एक पुस्तक वाचलं. प्रयोगशाळा म्हणजे बरणीतला साप. खेळाचा तास म्हणजे मैदानातलं गवत उपटणं. चित्रकलेला शिक्षक नव्हता, तो तास मराठीच्या बाई शुद्धलेखनाला वापरायच्या.

आणि एक गोष्ट कोणी बोलत नाही. लहान शाळेत शिक्का लवकर बसतो आणि पुसला जात नाही. पाचवीत १५ ऑगस्टला भाषण करताना मी मध्येच विसरले आणि रडले. दहावीपर्यंत मला कोणी माईकपाशी उभं केलं नाही. "ती रडते" एवढंच ठरलं होतं. तुकड्या असत्या तर पुढच्या वर्षी नवे वर्गशिक्षक, नवी पोरं मिळाली असती. आम्हाला तीच चौदा तोंडं सहा वर्षं.

ताई, शाळा बघायला जाल तेव्हा कपाटाची चावी कुणाकडे असते ते विचारा. बाकी सगळं त्यावरून कळतं.

देवबाग्या | १९ मे

आमच्या हायस्कुलाच्या गॅदरिंगाक पोरांचो दशावतार असायचो. मिया सातवीत गणपती झालंय, नववीत संकासुर. आठवीत काय? आठवीत आवाज फुटलो, म्हणान झांज वाजवलंय. कोणाक बाहेर बसाक गावत नाय, ह्या एकच लक्षात ठेवा.

खडूफळा | १९ मे

मी लहान अनुदानित हायस्कूलमध्ये गणित-विज्ञान शिकवतो, सतरावं वर्ष. आमचा पट ९४. चाकरमानी आणि वांगीभात दोघंही खरं बोलतायत, आणि बऱ्याचदा एकाच शाळेबद्दल.

परिपाठापासून सुरू करतो, कारण पालक त्याला उपक्रम समजतच नाहीत. आमच्याकडे प्रत्येक वर्गाकडे आळीपाळीने एकेक आठवडा परिपाठ. सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा, प्रश्नमंजुषा, समूहगीताची सुरुवात, असे रोज सहा जण पुढे येतात. आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे छत्तीस वेळा कोणीतरी पुढे उभं राहणार. वर्गात मुलं बारा. हिशोब करा: दर दीड महिन्याने प्रत्येकाची तीनदा पाळी. हजार पटाच्या शाळेत हे होणारच नाही, तिथे ठरलेली आठ-दहा गोड गळ्याची मुलं वर्षभर पुरतात.

दुसरं, इन्स्पायर. केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची योजना. शाळा जास्तीत जास्त पाच मुलांच्या कल्पना पाठवू शकते, पट कितीही असो. निवड झाली की मुलाच्या खात्यात दहा हजार रुपये येतात आणि त्यातून प्रतिकृती करायची. आता दीड हजार मुलांत पाच आणि ७१ मुलांत पाच यातला फरक मी गणिताच्या शिक्षकाने सांगायला नको. आमच्या एका मुलीने रातांबे फोडायचं हातयंत्र केलं होतं. आजीच्या बोटांना आमसुलं करताना चिरा पडायच्या, तेवढ्यावरून. यंत्र जिल्ह्यापर्यंत गेलं, तिथे अडकलं (शब्दशः अडकलं, परीक्षकांसमोर). पण ते पोरगं आता रत्नागिरीत डिप्लोमाला आहे आणि अजून त्याच यंत्राच्या मागे आहे.

खेळ: शालेय स्पर्धा १४, १७, १९ वर्षांखालील अशा वयोगटांत होतात. कबड्डीला मैदानात सात, खो-खोला नऊ. सतराखालील मुलींचा संघ काढायचा तर आठवी-नववी-दहावीच्या मुली मोजून घ्याव्या लागतात. कोणाला खेळायला आवडतं असं आम्ही विचारत नाही, कोणाला ताप नाही एवढंच विचारतो. याची दुसरी बाजूही आहे: सराव धड होत नाही, शारीरिक शिक्षणाचा शिक्षक नाही, मीच शिट्टी घेऊन उभा. तालुक्याच्या पुढे क्वचितच जातो.

चित्रकला: शिक्षक नसला तरी एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांना मुलं बसवता येतात, केंद्र दुसऱ्या शाळेत असतं. आम्ही आठवीत एलिमेंटरी, नववीत इंटरमिजिएट असं बसवतो. स्थिरचित्र आणि भूमिती-अक्षरलेखनाला कोणीतरी हात धरून बसावं लागतं, नाहीतर मुलं रेघोट्या ओढून येतात. इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली तर दहावीला ७ वाढीव गुण, ब ला ५, क ला ३. त्यामुळे निदान त्यासाठी तरी पालक रंगपेटी घेऊन देतात.

सहल: एसटीकडून शालेय सहलीला भाड्यात निम्मी सवलत मिळते, पण बस भरली पाहिजे. ७१ पटात जाणारी तीस. मग शेजारच्या शाळेशी जुळवायचं. दोन हेडसरांचं एका तारखेवर एकमत होईतो फेब्रुवारी येतो.

आता सावध करतो. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे (शाळेला शिक्षकांची किती पदं मिळणार, त्याचे) निकष बदलले, आणि नववी-दहावीचा पट विसाच्या खाली घसरला की शिक्षकांच्या पदांवर गदा येते. तेव्हा "पट ७१" एवढ्यावर खूश होऊ नका. नववी-दहावीत मिळून किती, पुढच्या दोन वर्षांत प्राथमिक शाळेतून किती येणार, गणित-विज्ञानाचं पद भरलेलं आहे का, हे विचारा. पाच शिक्षकांतले दोन निवृत्तीला आलेत का, हेही. आमच्यासारखा एक माणूस गेला की विज्ञान प्रदर्शन, कबड्डी आणि ऑनलाइन माहिती भरणं तिन्ही एकदम बंद पडतात.

वांगीभात, तुमच्या त्या १५ ऑगस्टबद्दल वाईट वाटलं. अशी एक मुलगी माझ्याही शाळेत होती. तुमचं वाचून आठवली.

कृष्णाकाठ | १९ मे

मी रयतच्या शाखेत शिकलो, सातारा जिल्हा. कर्मवीरांनी १९१९ साली काले गावात संस्था काढली तेव्हा पटाचा हिशोब वेगळाच होता, पण तो इतिहास सगळ्यांना पाठ आहे. आमच्याकडे २२ सप्टेंबर म्हणजे कर्मवीर जयंती, वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. मिरवणूक, लेझीम, गावभर फेरी. लेझमीच्या जोड्या कमी आणि पोरं जास्त, म्हणून उन्हाळ्यातच मारामाऱ्या. लहान शाळेत उलट असेल, जोड्या जास्त आणि पोरं कमी.

स्काउट-गाइड आहे का ते बघा. खऱ्या कमाईच्या दिवसांत मी गावातल्या सोनाराचं दुकान झाडून पाच रुपये कमावले होते. पाच रुपयांपेक्षा सोनाराने दुकानात एकट्याला सोडलं याचं जास्त वाटलं.

चाकरमानी_८४ | १९ मे

जोड्या जास्त, पोरं कमी. अगदी! आमच्या मंडळाने शाळेच्या पंचवीस वर्षांना पन्नास लेझमी दिल्या होत्या. गेल्या वर्षी गेलो तर तीस पोत्यात बांधून माळ्यावर.

सडामाळ | २० मे

सगळ्यांचे खूप आभार. खडूफळा सर, तुमची पोस्ट नवऱ्याला वाचून दाखवली. दोन शंका: (१) तिचं आजवर सेमी झालंय, इथे पूर्ण मराठी माध्यम. (२) शिष्यवृत्त्यांचं काय?

खडूफळा | २० मे

(१) पहिले दोन-तीन महिने 'गुणसूत्र' आणि 'चलन'ला अडखळेल, दिवाळीपर्यंत सरावेल. अकरावीला सायन्सला गेली तर पुन्हा उलटं अडखळेल. दोन्ही भाषांतले शब्द वहीच्या मागे लिहून ठेवायला लावा.

(२) आठवीतच एनएमएमएस परीक्षा असते. मिळाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. पण पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. यंदाच्या आंबा-काजूवर अवलंबून. ;)

आणि हो, पोषण आहार आठवीपर्यंतच. म्हणजे तुमच्या लेकीचं खिचडीचं एकच वर्ष. नववीत गेलेली पोरं पहिले आठ दिवस सवयीने ताट घेऊन रांगेत उभी राहतात. त्यांना परत पाठवायचं काम माझ्याकडे असतं, आणि नोकरीतलं मला सगळ्यात नावडतं काम तेच.

सडामाळ | २ जून

शाळा बघून आले. मुंबईहून मंडळाचे सेक्रेटरीही आले होते, बहुतेक नवीन प्रवेश म्हणजे बातमीच असावी. हेडसरांनी चहा दिला, बाईंनी तिला वर्ग दाखवला.

कपाटाची चावी विचारली. हेडसर आधी गोंधळले, मग म्हणाले, "मामांकडे असेल." शिपाईमामांनी दारामागच्या खिळ्यावरून काढून दिली. कपाट उघडलं. वरच्या दोन कप्प्यांत पुस्तकं, खालच्यात ढोलाची पानं, तुटकी विकेट आणि निवडणुकीचं सामान. पुस्तकांना वाळवी नाही. पण मागचं नाव नोंदवहीत सात महिन्यांपूर्वीचं.

नववी-दहावी मिळून २३. गणित-विज्ञानाचे सर आहेत, तरुण आहेत, पवित्र पोर्टलवरून (शिक्षकभरतीचं सरकारी पोर्टल) आलेत, गाव लातूरकडचं. किती दिवस राहतील हे विचारायचा धीर झाला नाही.

प्रवेश घेतला.

वांगीभात | २ जून

खिळ्यावर असेल तर ठीक आहे. :)

सडामाळ | १४ ऑगस्ट

कोणी विचारलं नाही तरी सांगते.

जुलैत पावसाने रस्ता गेला, चार दिवस शाळा नव्हती. त्यानंतर पाचव्या दिवशी लेक घरी येऊन म्हणाली, "मी कबड्डीत आहे." आयुष्यात कबड्डी खेळलेली नाही. आठवी ते दहावीच्या मुली तेरा. तिघींच्या घरून परवानगी नाही, एकीचा पाय मुरगळलेला, दोघींना चष्मा मोठा म्हणून घरचे घाबरतात. उरल्या सात. सर म्हणाले, तू उंच आहेस, कोपऱ्यात उभी राहा.

तालुक्याला वडापने गेले, एका गाडीत सात मुली, सर, बाई आणि डब्यांची पिशवी. पहिल्याच सामन्यात ४१-९ ने हरल्या. पैकी दोन गुण आमच्या लेकीचे, त्यातला एक समोरच्या मुलीचा पाय घसरला म्हणून. मी समजूत काढायच्या तयारीत होते. ती म्हणाली, पुढच्या वर्षीही सातच असणार, कारण दहावीच्या दोघी जातील आणि सातवीतून दोघी येतील, म्हणून आत्तापासून सराव. सातवीतल्या दोघींना हे अजून माहीत नाही.

चांगलंच सांगतेय असं नाही. तिला सगळ्यात जड जातंय ते वेगळं. पुण्यात वर्गात कुणाशी बिनसलं तर दुसऱ्या बाकावर जायचं. इथे मुली पाच. दोघींशी अबोला झाला की डबा खायला जोडी उरत नाही. शिवाय वर्गात काय झालं ते ती घरी पोहोचायच्या आत सासूबाईंना दुकानात कळलेलं असतं. गेल्या आठवड्यात तीन दिवस रोज रडून आली. वांगीभात, तुमची पोस्ट तेव्हा पुन्हा वाचली.

वांगीभात | १४ ऑगस्ट

अबोला किती दिवसांचा झाला?

सडामाळ | १५ ऑगस्ट

नऊ. काल प्रभातफेरीची तालीम होती, घोषणा देणारी जोडी तिची आणि त्याच मुलीची लागली. "भारत माता की" एकीने म्हणायचं, "जय" दुसरीने. न बोलून सांगतात कुणाला. आज येताना दोघी एका छत्रीत होत्या. काय झालं ते विचारलं नाही.

खडूफळा | ६ सप्टेंबर

काल शिक्षकदिन. आमच्याकडे दहावीत सतरा पोरं, शिक्षक सहा. सगळ्यांना काहीतरी व्हायचंच असतं, त्यामुळे दोन हेडसर, तीन क्लार्क आणि एक 'शिक्षणाधिकारी' झाला. शिक्षणाधिकाऱ्याने माझी टाचणवही मागितली. अपुरी होती. शेरा मारलाय लाल पेनाने.

वांगीभात, तुमचं वाचल्यावर एक केलं. आमच्याकडची ती 'विसरणारी' मुलगी यंदा नववीत आहे. तिला स्वागताच्या भाषणाला उभं केलं. हातात कागद दिला, वाचून म्हण म्हटलं. वाचून म्हणाली. टाळ्या नेहमीइतक्याच पडल्या.

वांगीभात | ६ सप्टेंबर

बरं केलंत सर.

सडामाळ | ११ जानेवारी २०२६

धागा वर काढतेय, यावेळी मदत हवीय.

गॅदरिंग झालं. समोर बसायला जागा नव्हती, हे चाकरमानींना कळवावं म्हणून लिहिते. लेक नाटकात पोलीस, नाचात मागच्या रांगेत, आणि मधल्या वेळात माईकवर बक्षिसं पुकारायला. एका आजोबांचं नाव चुकलं. ते उठून स्टेजपाशी आले आणि दुरुस्त करून घेतलं.

आता २६ जानेवारीला लेझीम बसवायचंय. लातूरचे सर शिकवतायत, त्यांच्याकडे चांगलं जमतं म्हणे. शाळेत लेझमी निघाल्या बावीस, त्यातल्या नऊंच्या चकत्या गळून पडल्यात आणि चारांचे दांडे वाळवीने खाल्लेत. करणारी पोरं अठ्ठावीस. राजापूर-रत्नागिरीकडे कोणी दुरुस्त करून देतं का? लोहाराकडे नेलं तर चकत्या बसवेल का, की नव्याच घ्याव्या? ढोलाचं पानही बदलायचंय.

कृष्णाकाठ | ११ जानेवारी

चकत्या लोहार बसवतो, पण साखळीची कडी सैल ठेवायला सांगा. घट्ट बसवली की आवाज येत नाही. दांडे सुताराकडून करून घ्या, हलक्या लाकडाचे. पोरांचे हात लहान असतात.

चाकरमानी_८४ | १२ जानेवारी

दुरुस्ती करत बसू नका, दिवस कमी आहेत. आमच्या माळ्यावरच्या तीस तशाच पोत्यात आहेत. आमच्या शाळेत यंदा लेझीम नाही, पट ३८ झालाय. हेडसरांशी बोललो, पंधरा देतो म्हणाले, पण सहीनिशी आणि फेब्रुवारीत परत. शनिवारी रात्रीच्या गाडीने गावी निघतोय. राजापूर स्टँडवर कोणी येईल का घ्यायला? पोतं जड आहे आणि वाजतं.

सडामाळ | १२ जानेवारी

नवरा येईल. लेकही येते म्हणतेय.